यात्रेकरू घरी परततो तेव्हा

मे महिना सरत आला, की आमच्या धर्मग्रामांतील बंद घरे पुन्हा उघडू लागतात. कोणी वेलांकनीहून येतो, कोणी जुन्या गोव्याहून, कोणी मुलांना घेऊन आजोळाहून. आणि गेल्या काही वर्षांत कोणी थेट पवित्र भूमीचे दर्शन घेऊन येतो. जाताना निरोप द्यायला शेजारीपाजारी जमलेले असतात, एकत्र प्रार्थना झालेली असते. परतताना मात्र असे काही होत नाही. बॅगा रिकाम्या होतात, जपमाळा, पदके आणि तेलाच्या कुप्या घरोघर वाटल्या जातात. पावसाळ्याची बेगमी आणि मुलांची वह्यापुस्तके समोर उभी राहतात आणि चार दिवसांत तो प्रवास जणू घडलाच नव्हता, असे वाटू लागते. ज्यांच्याशी पुष्कळ बोलायचे मनात योजले होते, त्या जिवलगांपुढे बसल्यावर शब्द सुचत नाहीत. ज्यांना जायला मिळाले नव्हते, ते थोडा वेळ ऐकतात आणि मग हळूच दुसरा विषय काढतात.

प्रवासाला निघण्याविषयी आजवर उदंड लिहिले गेले आहे. परतून घरात पुन्हा रुळण्याविषयी मात्र फार थोडे. वस्तुतः हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. चौथ्या शतकात पवित्र भूमीला गेलेली एजेरिया ही स्त्री आपला वृत्तान्त लिहिते तो मागे राहिलेल्या आपल्या धर्मभगिनींना उद्देशून. म्हणजे यात्रेचे अगदी आरंभीचे लेखनसुद्धा घराकडे तोंड करूनच झालेले आहे. परंतु परतण्याचे सुख आणि त्यातील अवघडलेपण ह्या दोहोंचीही प्रांजळ नोंद जर कोणी केली असेल, तर ती पंधराव्या शतकातील एका डोमिनिकन व्रतस्थाने. त्यांचे नाव फेलिक्स फाब्री. त्यांची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

निरोपाची रीत, स्वागताची रीत

फादर फेलिक्स ह्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्यांच्या काळची रीत ध्यानात घेतली पाहिजे. मध्ययुगात यात्रेला निघणे ही कोणाची खासगी बाब नव्हती. निघणाऱ्याने आधी देणी फेडायची, भांडणे मिटवायची, मृत्युपत्र करायचे आणि प्रायश्चित्त संस्कार घ्यायचा. मग धर्मगुरू वेदीपुढे त्याची काठी व झोळी आशीर्वादित करून त्याच्या हाती देत. परत येण्याची शाश्वती नसल्यामुळे ही सारी तयारी एका अर्थी मरणाचीच तयारी असे.

परतणाऱ्यासाठीही काही प्रथा होत्या. जेरुसलेमहून येणारा यात्रेकरू ताडाची झावळी घेऊन येई आणि अनेक ठिकाणी ती तो आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमधील वेदीवर वाही. स्पेनमधील कोंपोस्तेला येथे संत याकोबाच्या कबरीचे दर्शन घेतलेला मनुष्य टोपीला किंवा अंगरख्याला शिंपला लावून येई. ही खूण त्याला आयुष्यभर पुरे, किंबहुना आयुष्यानंतरही. उत्तर युरोपातील कित्येक जुन्या कबरींत सांगाड्याच्या छातीशी असे शिंपले सापडलेले आहेत. इंग्लंडमधील वुस्टर येथील कॅथीड्रलमध्ये १९८६ साली मध्ययुगाच्या अखेरीच्या काळातील एका यात्रेकरूची कबर उघडली गेली. पायांत लांब चामडी बूट, शेजारी काठी आणि शिंपला, अशा थाटात तो पुरलेला होता. घरी परतून त्याने पुढे कोणता व्यवसाय केला असेल तो असो. शेवटच्या प्रवासाला निघताना त्याने यात्रेकरूचाच वेष मागितला, किंवा त्याच्या माणसांनी तो त्याला दिला.

काहींना परतल्यावर एकटेपणा वाटे. त्यांनी मंडळे काढली. पॅरिसमध्ये चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोंपोस्तेलाहून परतलेल्या यात्रेकरूंचा असा एक बंधुसंघ होता. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली आणि वर्षातून एकदा, संत याकोबाच्या सणाच्या निमित्ताने, ते एकत्र जेवत. ज्यांनी तीच वाट तुडवली, तेच उन्हाचे चटके सोसले, त्यांच्याशी बोलणे सोपे असते. अर्ध्या वाक्यात सारे कळते. परंतु घरी राहिलेल्या माणसांचे काय? ज्यांनी ती वाट पाहिलेली नाही आणि तरीही जे आपले आहेत, त्यांच्याशी पुन्हा जुळवून कसे घ्यावे? बंधुसंघाच्या मेजवानीत ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते फादर फेलिक्स ह्यांच्या आयुष्यात सापडते.

मेमिंगेन येथील निरोप

फेलिक्स फाब्री ह्यांचा जन्म १४४० च्या सुमारास झुरिक येथे झाला. १४५२ मध्ये, वयाने अगदी लहान असताना, ते बाझेलच्या डोमिनिकन मठात दाखल झाले. पुढे डॅन्यूब नदीकाठच्या उल्म ह्या भरभराटीच्या व्यापारी शहरातील मठात ते प्रवचनकार म्हणून स्थिरावले आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे घर राहिले. तेथील मठप्रमुख लुडविग फुक्स हे त्यांचे वरिष्ठ तर होतेच, पण त्याहून अधिक जिवाभावाचे मित्र होते.

पवित्र भूमी पाहण्याची तळमळ त्यांच्या मनात कित्येक वर्षे होती. निघण्यापूर्वी त्यांनी अनुभवी माणसांचा सल्ला घेतला. त्यांत व्यूर्टेम्बर्गचा काउंट एबरहार्ड हाही होता. त्याने स्वतः १४६८ मध्ये जेरुसलेमची यात्रा केली होती आणि १४७७ मध्ये ट्युबिंगेनचे विद्यापीठ स्थापन केले होते. त्याने दिलेला सल्ला फादर फेलिक्स ह्यांनी नोंदवून ठेवला आहे. विवाह, युद्ध आणि पवित्र कबरीची यात्रा ह्या तीन गोष्टी अशा आहेत, की त्या कर असेही कोणाला सांगू नये आणि करू नको असेही सांगू नये, असा त्याचा आशय होता. ह्या तिन्हींचा आरंभ चांगला होऊनही शेवट वाईट होऊ शकतो, हे त्या अनुभवी माणसाला ठाऊक होते.

१४ एप्रिल १४८० रोजी फादर फेलिक्स उल्महून निघाले. लुडविग फुक्स त्यांना पोहोचवण्यासाठी घोड्यावरून मेमिंगेन गावापर्यंत आले. तेथे दोघा मित्रांनी एकमेकांचा अश्रुपूर्ण निरोप घेतला. फुक्स माघारी वळले आणि मग जे घडले ते ह्या यात्रेकरूने कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. इतकी वर्षे जिची आस धरली होती ती यात्रेची ओढ त्या क्षणी पार विझून गेली. ज्यांनी आपल्याला ह्या प्रवासाला उत्तेजन दिले त्यांचा राग आला, ज्यांनी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला तेच खरे हितकर्ते वाटू लागले. कनान देशापेक्षा आपली श्वाबेनची भूमी रम्य आणि जेरुसलेमपेक्षा आपले उल्म गोड वाटू लागले. लाज वाटली नसती, तर ते तेथूनच परतले असते.

हा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. यात्रेकरूने सदैव पुढेच पाहावे, घराची आठवण म्हणजे श्रद्धेची कमतरता, असे मानणारे पुष्कळ असतात. पण मित्र नजरेआड होताच ज्याचे मन कासावीस होते, त्याच्या श्रद्धेला कसली उणीव? घरावर ज्याचे प्रेम आहे त्याच्याच प्रवासाला किंमत असते. कारण त्याने काहीतरी मागे ठेवलेले असते.

आठवणींवरचे धुके

ते साल यात्रेसाठी फार वाईट होते. मे १४८० पासून तुर्कांच्या सैन्याने रोड्स बेटाला वेढा घातला होता आणि यात्रेकरूंची जहाजे त्याच समुद्रातून जात. व्हेनिसमध्ये अगोस्तिनो कॉन्तारिनी ह्या कप्तानाच्या गलबतावर जागा मिळाली खरी; पण कॉर्फू बेटावर पोहोचताच वेढ्याची बातमी ऐकून अनेक यात्रेकरू माघारी फिरले. फादर फेलिक्स पुढे गेले. याफाच्या किनाऱ्याला लागल्यावर फ्रान्सिस्कन व्रतस्थांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या गटाने पवित्र स्थळांचे दर्शन घेतले. पण ते कसे? साऱ्या पवित्र भूमीसाठी त्यांच्या वाट्याला जेमतेम नऊ दिवस आले. रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही. एका स्थळावरून दुसऱ्या स्थळाकडे धावपळ, डोळे मिटून प्रार्थना करायलाही उसंत नाही. परतीच्या समुद्रप्रवासात आजार आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई ह्यांनी प्रवासी हैराण झाले. वसंतात निघालेले फादर फेलिक्स हिवाळ्याच्या तोंडावर उल्मला पोहोचले.

आणि मग मठातील बंधूंनी, गावातील माणसांनी, जे कोणीही विचारील तेच विचारले : काय पाहिले? कसे आहे ते सारे?

त्यांना सांगता येईना. ते लिहितात, की आपण जे पाहिले ते जणू दाट धुक्यात पाहिले, स्वप्नात पाहिले असे झाले होते. जाण्यापूर्वी पुस्तके वाचून त्या स्थळांविषयी जेवढे ठाऊक होते, तेवढेही आता ठाऊक नाही असे त्यांना वाटू लागले. कोणी नेमका प्रश्न विचारला तर नेमके उत्तर देता येत नव्हते; वर्णन लिहू म्हटले तर तेही जमत नव्हते. एवढा खर्च, एवढे कष्ट, प्राणावरची एवढी संकटे आणि हाती आले ते हे!

मेमिंगेनच्या निरोपापेक्षा ही अवस्था अधिक कठीण होती. तेथे निदान दोन मित्र एकाच दुःखात होते. येथे मित्र समोर बसलेले, ऐकायला उत्सुक. आणि प्रवासी त्यांच्यामध्ये असून दूर. जो दुरून आला तो पूर्णपणे घरी आलेला नाही आणि जे तो पाहून आला तेही त्याच्यापाशी नाही. आपण कोणत्याच काठावर नाही, ही भावना सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेकांना चाटून जाते. आठ दिवसांत बारा ठिकाणे दाखवणाऱ्या आजच्या सहलींतून परतणाऱ्यांना तर ती चांगलीच परिचित असेल.

फादर फेलिक्स ह्यांनी तिच्यावर दोन उपाय केले. पहिला उपाय म्हणजे वाचन. पवित्र भूमीविषयी जे जे लिहिलेले मिळाले ते ते त्यांनी मिळवले, उतरवून काढले, एकाशी दुसरे ताडून पाहिले. यात्रेत एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना झाले नाहीत तेवढे श्रम आपल्याला एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे जाताना झाले, असे ते म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे पुन्हा जाण्याचा संकल्प. तो मात्र त्यांनी बराच काळ मनातच ठेवला. नुकताच परतलेला व्रतस्थ पुन्हा जायचे म्हणतो, हे ऐकून लोक त्याला चंचल म्हणतील, ही भीती त्यांना होती आणि ती खोटी नव्हती.

दुसरे जाणे, दुसरे येणे

ही संधी एप्रिल १४८३ मध्ये आली. ह्या वेळी ते चार उमराव यात्रेकरूंचे धर्मगुरू म्हणून निघाले. परंतु दोन्ही प्रवासांत खरा फरक होता तो वेगळाच. निघण्यापूर्वी त्यांनी उल्मच्या आपल्या मठबंधूंना शब्द दिला होता : जे जे पाहीन ते ते तुमच्यासाठी लिहून आणीन.

हा शब्द त्यांनी कसा पाळला ते वाचून थक्क व्हायला होते. प्रवासातला एकही दिवस त्यांनी काही ना काही टिपून ठेवल्यावाचून जाऊ दिला नाही. समुद्र खवळलेला असताना लिहिले. वाळवंटात गाढवाच्या किंवा उंटाच्या पाठीवर बसून लिहिले. रात्री इतर झोपलेले असताना जागून लिहिले. जुलै १४८३ मध्ये ते पवित्र भूमीत उतरले. ह्या खेपेस नऊ दिवसांची घाई नव्हती. उमराव मंडळी जेरुसलेमहून स्वदेशी परतली, पण फादर फेलिक्स ऑगस्टच्या अखेरीस दुसऱ्या एका गटाबरोबर वाळवंटातून सीनाय पर्वताकडे गेले. तेथून कैरो, मग आलेक्झांड्रिया आणि भर हिवाळ्यात समुद्रमार्गे व्हेनिस. ह्याच गटात माइन्झचे बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख हे होते. त्यांचे प्रवासवर्णन एरहार्ड रॉइविख ह्या चित्रकाराच्या लाकडी ठशांच्या चित्रांसह १४८६ मध्ये छापले गेले आणि युरोपभर गाजले.

जानेवारी १४८४ च्या अखेरीस फादर फेलिक्स उल्मच्या मठाच्या दाराशी आले. अंगावर प्रवासाने झिजलेला झगा, चेहऱ्यावर वाढलेली दाढी. ते आल्याची चाहूल इतर कोणाच्याही आधी लागली ती मठाच्या कुत्र्याला. तो परक्यावर भुंकतो तसा भुंकला नाही. आनंदाने विव्हळत दाराकडे धावला. येथे आम्हांस तोबितच्या ग्रंथाची आठवण होते. संत जेरोम ह्यांच्या लॅटिन बायबलमध्ये तरुण तोबिया परततो तेव्हा बरोबर गेलेला कुत्रा पुढे धावत येऊन शेपूट हलवत वार्ता देतो. उल्मचा हा कुत्रा मात्र कोठेही गेला नव्हता. तो घरीच राहिला होता आणि त्याने वाट पाहिली होती.

ती दाढी त्यांना फार प्रिय झाली होती. यात्रेकरूची ती खूण होती आणि तिच्यामुळे आपण अधिक धीट, अधिक देखणे दिसतो असे त्यांना वाटे. हे त्यांनीच मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. पण मठाचा नियम तो नियम. नाखुशीने का होईना, दाढी उतरली आणि यात्रेकरू फेलिक्स पुन्हा बंधू फेलिक्स झाले. घरी परतलेल्या प्रत्येकाला अशी कोणती तरी दाढी उतरवावी लागते. प्रवासात आपण जे कोणी झालेले असतो, ते घराच्या उंबऱ्यावर थोडे बाजूला ठेवावेच लागते; त्याशिवाय घरच्यांना आपण सापडत नाही.

प्रवासाचा बारावा भाग

मग त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे लिहायला घेतले. लॅटिनमध्ये लिहिलेल्या ह्या प्रचंड ग्रंथाला त्यांनी नाव दिले ‘एवागातोरियुम’. यात्राग्रंथ किंवा प्रवासमार्ग असे भारदस्त नाव आपण मुद्दामच दिले नाही, हे ते प्रस्तावनेत सांगतात. ‘एवागातोरियुम’ म्हणजे भटकंती. ग्रंथ अर्पण केला आहे तो कोणा राजाला नव्हे, उल्मच्या मठबंधूंना. गंभीर अध्ययन संपल्यावर विरंगुळा म्हणून त्यांनी तो वाचावा, अशी अपेक्षा. म्हणूनच त्यात पवित्र कबरीपुढील अश्रूंशेजारी गलबतावरच्या उवा-पिसवा आहेत, कुजलेल्या पाण्याचा वास आहे, प्रवाशांची रात्रीची भांडणे आहेत. घरच्या माणसांना नेमके हेच ऐकायचे असते. नुसत्या महान गोष्टी सांगणारा प्रवासी आपल्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये नकळत एक चौथरा उभारतो. बारीकसारीक सांगणारा ऐकणाऱ्याला शेजारी बसवून घेतो.

उमराव सोबत्यांच्या घरच्यांसाठी त्यांनी त्याच प्रवासाचे निराळे, सुटसुटीत वर्णन जर्मन भाषेत लिहिले. कारण त्या वाड्यांतील बायकामुलांना लॅटिन कोठून येणार? तीच यात्रा, पण ऐकणारे निराळे, म्हणून सांगणेही निराळे.

ह्या ग्रंथाच्या योजनेतील सर्वांत मार्मिक गोष्ट पुढेच आहे. त्याचे बारा भाग करायचे त्यांनी ठरवले होते. जेरुसलेम, सीनाय, कैरो, व्हेनिस असे सारे झाल्यावर अकराव्या भागात आपला श्वाबेन प्रांत आणि बाराव्या, शेवटच्या भागात आपले उल्म शहर यायचे होते. हे दोन्ही भाग पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणून राहिले आणि उल्मच्या इतिहासाचे अभ्यासक आजही त्या बाराव्या भागाचा आधार घेतात. १३७७ मध्ये पायाभरणी झालेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उंचावत चाललेले भव्य चर्च, त्यातील उजेड, त्यातील वेद्यांची संख्या, शहरातील घराणी, पंचायती, मठ असे सारे त्यांनी प्रवाशाच्या नजरेने न्याहाळले. पिरॅमिड पाहून आलेल्या मनुष्याला आपल्या गल्लीतही पाहण्यासारखे काही आहे हे दिसले, ही त्या यात्रेची खरी कमाई. मेमिंगेनच्या वाटेवर उल्म त्यांना जेरुसलेमपेक्षा गोड वाटले होते ते विरहाच्या दुःखाने. आता ते गोड वाटले ते पाहण्याची दृष्टी आली म्हणून.

ज्यांना जाता आले नाही

तरीही एक प्रश्न उरतोच. यात्रेची गोष्ट ऐकून ज्यांना जाता आले नाही त्यांच्या मनात काय होते? खर्च झेपत नाही, आजारी माणूस घरात आहे, वय झाले आहे, परवानगी नाही. अशी कारणे पाचशे वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहेत. उल्मच्या परिसरातील धर्मभगिनी मठाची चौकट ओलांडू शकत नव्हत्या, पण जेरुसलेमची ओढ त्यांनाही होती. १४९२ मध्ये फादर फेलिक्स ह्यांनी त्यांच्यासाठी ‘सियोनचा यात्रेकरू’ हे पुस्तक जर्मनमध्ये लिहिले. त्यात रोजचा एकेक मुक्काम ठरवून दिलेला आहे. ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या आणि मनाने पुढच्या ठिकाणी जायचे. असे करीत जेरुसलेम, रोम आणि कोंपोस्तेला ह्या तिन्ही यात्रा खोलीत बसल्या जागी पूर्ण करायच्या. ह्या यात्रेकरूला वादळाची भीती नाही, कप्तानाशी करार नाही, भाडे नाही. बेथलेहेम येथे राहणाऱ्या संत जेरोम ह्यांनीही पूर्वी एका मित्राला असेच कळवले होते, की स्वर्गाचा दरबार जेरुसलेमहून जितका जवळ तितकाच ब्रिटनहूनही जवळ आहे. मात्र फादर फेलिक्स ह्यांनी हे नुसते सांत्वन म्हणून सांगितले नाही. त्यांनी बसून, मेहनत घेऊन, न गेलेल्यांसाठी वाट आखून दिली.

असे करणारे ते एकटे नव्हते. इंग्लंडमधील विल्यम वे ह्यांनी १४५८ आणि १४६२ मध्ये जेरुसलेमच्या यात्रा केल्या. परतल्यावर एडिंग्टन येथील मठाला त्यांनी तेथून आणलेल्या वस्तू, नकाशा आणि पवित्र कबरीची मापे देऊन टाकली, जेणेकरून घरच्या लोकांना ती जागा डोळ्यांपुढे आणता यावी. जर्मनीतील गोर्लित्सचा गेओर्ग एमरिख १४६५ मध्ये जेरुसलेमला जाऊन आला. पुढे त्या गावात पवित्र कबरीची प्रतिकृती बांधली गेली आणि गावच्या चर्चपासून तिच्यापर्यंत प्रभूच्या दुःखसहनाची वाट तयार झाली. ती आजही उभी आहे.

येथे ही गोष्ट आमच्या आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते. उपवासकाळात शुक्रवारी आपण जी क्रूसाची वाट करतो, तिच्या जडणघडणीत अशा परतलेल्या यात्रेकरूंचा मोठा वाटा आहे. जेरुसलेमच्या रस्त्यांवरून चालून आलेल्यांना ती वाट आपल्या माणसांना द्यावीशी वाटली, म्हणून युरोपच्या गावोगावी स्थाने उभी राहिली. फ्रान्सिस्कन व्रतस्थांनी ती भक्ती पसरवली; पोप बारावे क्लेमेंट ह्यांनी १७३१ मध्ये स्थानांची संख्या चौदा अशी निश्चित केली; संत लिओनार्ड ह्यांनी पाचशेहून अधिक ठिकाणी ही वाट स्थापन केली आणि १७५० मध्ये रोमच्या कलोसियममध्येही. आमच्या प्रत्येक चर्चच्या भिंतीवरील ती चौदा चित्रे पाहताना हे सहसा कोणाच्या मनात येत नाही, की ही प्रवासाहून परतलेल्यांनी न गेलेल्यांसाठी आणलेली भेट आहे. जपमाळ आणि पदक एका घरात राहते. ही भेट साऱ्या धर्मग्रामाची झाली.

उंबऱ्यावरील आशीर्वाद

फादर फेलिक्स १५०२ मध्ये उल्म येथे निवर्तले. त्यानंतर तीस वर्षांच्या आत उल्मने धर्मसुधारणेचा पक्ष स्वीकारला आणि १५३१ मध्ये तो डोमिनिकन मठ बंद पडला. ज्या दाराशी कुत्रा धावत आला होता ते दार, ज्या बंधूंसाठी रात्र रात्र जागून लिहिले ते बंधू, सारे काळाने विखुरले. पण त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील ‘एवागातोरियुम’ उल्म शहरातच जपले गेले. एकोणिसाव्या शतकात, १८४३ ते १८४९ ह्या वर्षांत, त्याचे तीन खंड छापले गेले आणि मठाच्या विरंगुळ्यासाठी लिहिलेला ग्रंथ जगाचा झाला. घरच्यांसाठी मन लावून केलेले काम बहुधा असेच दूरवर जाते.

आता एक शेवटची गोष्ट. १६१४ मध्ये रोमने विधींचे जे अधिकृत पुस्तक प्रसृत केले, त्यात यात्रेला निघणाऱ्यांसाठी जसा आशीर्वाद आहे तसाच परतलेल्यांसाठीही आहे. परतलेल्याला वेदीपुढे उभे करून कोणते स्तोत्र म्हणावे? जेरुसलेमच्या महतीचे? समुद्रातील तारणाचे? तसे नाही. त्यासाठी निवडले आहे ते आज आपण एकशे अठ्ठाविसावे म्हणून ओळखतो ते स्तोत्र : ज्यात स्वतःच्या हातच्या कष्टाची भाकरी आहे, घरात द्राक्षवेलीसारखी पत्नी आहे आणि मेजाभोवती बसलेली मुले आहेत. दूरच्या पुण्यक्षेत्राहून आलेल्या माणसाला ख्रिस्तसभा त्याच्या स्वयंपाकघराकडे, त्याच्या जेवणाच्या मेजाकडे वळवते. तुझ्या यात्रेचा शेवटचा मुक्काम हा, असेच जणू ती सांगते.

म्हणून परतलेल्यांनी पहिल्या चार दिवसांच्या अवघडलेपणाने खचून जाऊ नये आणि मागे राहिलेल्यांनी त्यांचे अडखळणे मनावर घेऊ नये. जो जाऊन आला त्याने आधी ऐकावे, की आपल्यामागे घरात काय घडले. मग सांगावे, मोठे कमी आणि बारीकसारीक जास्त. जो घरी राहिला त्याने दुसरा विषय काढण्यापूर्वी एखादा प्रश्न अधिक विचारावा. नेमका प्रश्न विचारला गेला म्हणूनच फादर फेलिक्स ह्यांना आपल्या आठवणींवरचे धुके दिसले आणि ते दूर करण्यासाठी त्यांनी पुढचे आयुष्य वेचले. त्यांना तो प्रश्न विचारणारे लोक जेरुसलेमला कधीच गेले नव्हते.